साधी काच

काचबाईच्या दुकानात खोटं बोलायला मोठी छाती लागायची. डोळे तपासणं हा तिचा धंदा, आणि माणसं डोळ्यांबाबत किती थापा मारतात हे ज्याने तो धंदा केला नाही त्याला सांगून पटायचं नाही. ट्रकवाल्यांना परवान्यासाठी दाखला हवा असायचा. ते बाहेर बाकावर बसून उघड्या दारातून अक्षरांचा तक्ता पाठ करायचे आणि आत येऊन शेवटची ओळ धडाधडा म्हणून दाखवायचे. काचबाई काही न बोलता तक्ता फिरवायची. मागच्या बाजूला दुसरीच अक्षरं असायची, आणि गडी आपला तोंडाने जुनीच म्हणत सुटायचा. मग ती जे काही बोलायची ते पलीकडच्या चपलांच्या दुकानातही ऐकू जायचं.

याच्या उलट सोंगंही असायची. गोदामातल्या एखाद्या इसमाला हलकं काम हवं असायचं, म्हणून त्याचा एक डोळा अचानक अधू व्हायचा. कॉलेजातल्या एखाद्या पोरीला मैत्रिणीच्या चष्म्याची फ्रेम आवडलेली असायची, म्हणून फळ्यावरचं पुसट दिसायला लागायचं. यांच्यासाठी काचबाईकडे खास औषध होतं. तपासणीची ती जड, गोल फ्रेम नाकावर चढवायची, पेटीतून एक काच काढायची, ती फुंकर मारून पुसायची, आत सरकवायची आणि मऊ आवाजात विचारायची, ‘आता बघा बरं.’ ‘हो हो, आता कसं लख्ख दिसतंय’ असं समोरचा म्हणाला की झालं. काच साधी असायची. खिडकीला लावतात तशी, बिननंबरी. त्या एका काचेने तिने कितीजणांचा पाणउतारा केला असेल त्याची गणती नाही. तिथूनच तिला काचबाई हे नाव पडलं. अर्थात तोंडावर सगळे मॅडमच म्हणायचे, कारण जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

एवढा संशय काही कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. काचबाईचा नवरा दुसऱ्या गावी कामाला होता आणि महिन्यातले निम्मे दिवस ‘कामात अडकलो’ म्हणून तिकडेच राहायचा. बाजारातल्या यच्चयावत लबाडांना उघडं पाडणारी ही बाई रोज संध्याकाळी फोनवर ‘कामात अडकलो’ ऐकायची आणि ‘जेवून घ्या हं वेळेवर’ म्हणायची. तिकडे त्याचा दुसरा संसार पार बाळसं धरून बसला होता. हे तिला सगळ्यांत शेवटी कळलं. त्या दिवशी ती रडली नाही, ओरडली नाही, दुकान उघडून बसली. त्यानंतर मात्र तिचं एक वाक्य ठरून गेलं: ‘मला आता कोणी गंडवू शकत नाही.’ हे ती वाण्याला सांगायची, नळवाल्याला सांगायची आणि लेकीला तर उठता-बसता ऐकवायची.

लेकीचं घरातलं नाव बबडी. शाळा सुटली की ती दुकानातच यायची, तपासणीच्या खुर्चीमागे स्टुलावर बसून काचांची पेटी मांडीवर धरायची आणि आईने बोट दाखवलं की काच काढून द्यायची. साधी काच कुठल्या खणात आहे हे तिला आईइतकंच ठाऊक होतं. गिऱ्हाईक फसलं की पेटीआड तोंड लपवून फिसफिस हसायची. पुढे कॉलेजात गेली, पोहण्याच्या संघात निवडली गेली आणि दुकानात येणं सुटलं.

आता या गोष्टीतल्या मावशीकडे वळू. काचबाईची धाकटी बहीण घरं विकणाऱ्या एका कंपनीत गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करायची, आणि ते काम संपल्यावरही तिचं बोलणं थांबायचं नाही. तिला फोनवरच्या चाचण्यांचं खूळ लागलं. तुमच्या मनाचा रंग कोणता. तुमच्या आतली जखम किती खोल. तुमच्या घरात विषारी माणूस कोण. रोज सकाळी घरच्यांच्या ग्रुपवर एक चाचणी येऊन पडायची, आणि मावशी स्वतःचा निकाल असा मिरवायची की बघणाऱ्याला वाटावं हिला पदकच मिळालंय. एकदा तिचा निकाल आला, ‘तुम्ही वरून हसऱ्या, पण आतून फार सोसलेल्या आहात.’ मावशीने दिवसभर तोंड सोसल्यासारखं करून ठेवलं.

काचबाईचं पित्त खवळलं. तिने तीच चाचणी सकाळी सोडवली आणि जेवण झाल्यावर पुन्हा सोडवली, उत्तरं जशीच्या तशी देऊन. सकाळी ती ‘शांत तळं’ निघाली आणि दुपारी ‘धगधगती आग’. दोन्ही निकाल तिने ग्रुपवर शेजारी शेजारी चिकटवले आणि खाली लिहिलं की एकाच डोळ्याचा सकाळी एक नंबर आणि दुपारी दुसरा येत असेल, तर डोळ्यावर इलाज करायचा नसतो, यंत्र भंगारात द्यायचं असतं. शिवाय वरून हसरा आणि आतून सोसलेला नाही असा एक तरी माणूस मला आणून दाखवा. आणि निकालाखाली ‘मनःशांतीचा अभ्यासक्रम, आजच नाव नोंदवा’ असं जे आहे, ते वाचा म्हणावं. फ्रेम विकणारा डोळे तपासायला बसला की प्रत्येकालाच नंबर निघतो. हे ती चार भिंती फ्रेमांनी भरलेल्या दुकानात बसून लिहीत होती, पण ते असो. मुद्दा बिनतोड होता. मावशीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की तिने ग्रुप सोडला. दोघी बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि दोघींनाही त्याचं भारी समाधान वाटलं.

इथवर काचबाईचं काही चुकलं नव्हतं. त्या चाचण्या कचराच होत्या, आणि कचऱ्याला कचरा म्हणायला कोणाच्या बापाची भीती नसते. बाई बिघडली ती इथून पुढे.

बबडी पोहायला जाईनाशी झाली. संघाची निळी पिशवी दाराशी पडून राहिली आणि तिच्यावर धूळ बसली. पोरगी दुपारी झोपायची, रात्री जागी असायची. केस धुवायची नाही. ताटातली भाजी या कडेची त्या कडेला करायची आणि उठायची. कॉलेजातून एका बाईंचा फोन आला की वर्गात असते पण नसल्यासारखीच. काचबाईने हे सगळं पाहिलं, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पाहिलं आणि ‘नखरे’ या एका शब्दात गुंडाळून ठेवलं.

एका संध्याकाळी जेवताना बबडी म्हणाली की तिला डॉक्टरकडे जायचंय, मनाच्या. हे बोलायला तिला किती जोर लावावा लागला ते तिच्या हातातल्या चमच्याकडे बघूनही कळलं असतं. तिने फोन पुढे केला. एक चाचणी सोडवली होती, तिचा निकाल समोर होता.

चाचणी हा शब्द ऐकला आणि काचबाईचा तोल गेला. कोणी पाठवली, मावशीने ना, हे पहिलं वाक्य. मावशीने नाही, एका मोठ्या इस्पितळाच्या पानावर होती, असं बबडी म्हणाली. इस्पितळवाले तरी कुठले धुतले तांदूळ, त्यांनाही गिऱ्हाइकं लागतातच, हे दुसरं. मग परीक्षा तोंडावर आली, अभ्यास झाला नाही, म्हणून हे नवं सोंग काढलं, इथपासून ते तुझा बापही असाच गोड तोंडाने सांगायचा, इथपर्यंत तिने आग पाखडली. ट्रकवाले पास व्हायला तक्ता पाठ करून येतात, तू नापास व्हायला पाठ करून आलीस, एवढाच फरक, असंही म्हणाली. बबडीने ताट उचललं, धुतलं आणि खोलीत गेली.

त्या पानावर निकालाच्या खाली चार ओळी होत्या. हा निकाल म्हणजे आजाराचं निदान नव्हे, निदान फक्त डॉक्टर करू शकतात, त्यांना भेटा, एवढंच त्यात लिहिलं होतं. कोणी काही विकत नव्हतं. काचबाई स्वतः शाळांमध्ये तपासणीच्या शिबिराला जायची तेव्हा प्रत्येक आईबापाला नेमकं हेच सांगायची, की हा अजून नंबर नव्हे, फक्त शंका आहे, दुकानात येऊन नीट तपासून घ्या. पण बारीक अक्षरं वाचायला लावण्यावर जिचं पोट चालत होतं तिने त्या चार ओळी वाचायची तसदी घेतली नाही. डोळे फुटले होते का तिचे? फुटले नव्हते. तिला वाचायचंच नव्हतं.

पुढे जे तिने केलं ते कोणत्याही दुसऱ्या आईला सुचलं नसतं. ते फक्त काचबाईलाच सुचू शकत होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने चहा केला, बबडीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मऊ आवाजात म्हणाली की रागावले गं मी उगाच. तुझी ती चाचणी मी नीट वाचली. चल, मीच तुला विचारते प्रश्न, म्हणजे मलाही कळेल. पोरीचा चेहरा क्षणभर उजळला. आईने समोर बसून विचारावं एवढंच तर तिला हवं होतं.

काचबाई विचारू लागली. झोप लागत नाही का? नाही लागत, बबडी म्हणाली. पूर्वी आवडायचं ते करावंसं वाटत नाही का? नाही वाटत. आणि मग त्याच आवाजात, चहा ढवळत, संध्याकाळी डाव्या हाताची बोटं जड होतात का? नाही. स्वतःचा राग येतो का, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटतं का? यावर बबडी हो म्हणाली. गोड खाल्लं की माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटतात का? नाही. निळा रंग बघितला की डोकं दुखतं का? नाही.

डाव्या हाताचे, गोडाचे आणि निळ्या रंगाचे प्रश्न काचबाईने रात्री स्वतःच्या मनाने तयार केले होते. सोंग करणारा सगळ्यालाच हो म्हणतो, हे तिचं आयुष्यभराचं शास्त्र. यांतल्या एकालाही हो आला असता तर तिने पोरीला तिथेच आडवं घेतलं असतं. एकही आला नाही. काचबाईच्या हातातला चमचा कपातच थांबला.

बबडी तिच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर उजळलेलं जे काही होतं ते कधीच विझून गेलं होतं.

“आई, डाव्या हाताचं त्यात कुठेच नाहीये,” ती म्हणाली. “तू साधी काच लावलीस.”

काचबाईने चमचा बशीत ठेवला.

“मला. पेटी मी धरायचे ना गं, आई. मला लावलीस?”

इथे तरी बाईने उठून पोरीला जवळ घ्यायचं की नाही? तुम्ही-आम्ही घेतलं असतं. पण पकडली गेलेली काचबाई ही पकडणाऱ्या काचबाईपेक्षाही वाईट होती. ती म्हणाली, “ओळखलीस म्हणूनच तर नाही म्हणालीस.”

बबडी हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. “हो म्हणाले असते तर खोटारडी ठरले असते. नाही म्हणाले तर ओळखलीस म्हणतेस. मग मी काय म्हणायला हवं होतं ते तरी सांग.”

साधी काच ही ज्याला ती माहीत नाही त्यालाच लावायची असते. जो तिला ओळखतो त्याच्यावर ती फुकट जाते, हे काचबाईने दुकानातल्या कितीतरी शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. लेकीचा नंबर आला तेव्हा तीच ते विसरली. आता तिच्या हातात त्या चाचणीचा निकाल नव्हता, स्वतःच्या चाचणीचाही नव्हता. पोरीवर विश्वास टाकायचा किंवा नाही, एवढंच काय ते उरलं होतं, आणि नेमकं तेच तिला येत नव्हतं. ती चहा गार झाला म्हणून पुन्हा गरम करायला उठली. ती वळेपर्यंत बबडी गेली होती आणि दाराशी धूळ खात पडलेली निळी पिशवीही गेली होती. पिशवीत कपडे भरून पोरगी मावशीकडे राहायला गेली.

मावशी कितीही उथळ म्हणा, तिने एक शहाणपणा केला. बबडीला तिने स्वतःची एकही चाचणी दिली नाही. काय होतंय ते विचारलं, ऐकून घेतलं आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मग बहिणीला फोन केला, इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर.

“ताई, ज्याने तुला वर्षानुवर्षं फसवलं त्याचं सगळं डोळे मिटून खरं मानलंस,” ती म्हणाली. “आणि जिने खरं सांगितलं तिला काच लावलीस. उद्या दवाखान्यात ये. आणि तोंड बंद ठेवून ये.”

काचबाईने फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिथेही ती भिंतीवरच्या पदव्या वाचत बसली, शिक्का खरा आहे का ते बघत. डॉक्टरीणबाई आधी बबडीशी आत बराच वेळ बोलल्या, मग त्यांनी दोघी बहिणींनाही आत बोलावलं. बबडीने फोनवरचा तो निकाल त्यांना दाखवला होता. त्याबद्दल त्या काचबाईला म्हणाल्या की तेवढ्यावरून त्या कोणालाही आजारी ठरवत नाहीत. असल्या पुष्कळ चाचण्या टाकाऊ असतात, ही मात्र त्यांच्या दवाखान्यातही वापरतात, पण सुरुवातीला आणि फक्त विचारायला. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, पुन्हा पुन्हा यायला सांगितलं, आणि आजार आहे, बराही होतो, असं सांगितलं. काचबाई मान हलवत होती आणि मनात म्हणत होती की बाईंचं दुकान चांगलं चालतंय.

मग बाईंनी विचारलं, “मुलीत बदल झालाय हे तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

इथे काचबाईला उत्साह आला. पाहिलेलं सांगायचं तर तिच्यासारखं कोणी सांगू शकत नव्हतं. तिने सगळं सांगितलं. पिशवीवरची धूळ, न धुतलेले केस, ताटातली भाजी या कडेची त्या कडेला, रात्री पोरीच्या खोलीच्या दाराखाली दिसणारा उजेड. कॉलेजातल्या बाईंच्या फोनच्या कितीतरी आधीचं, अगदी एकेक. बबडी शेजारी बसून ऐकत होती. आपली आई इतकं सगळं बघत होती हे तिला आत्ता कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं.

“एवढं दिसत होतं,” त्या म्हणाल्या, “मग तुम्ही काय केलंत?”

काचबाई म्हणाली, “तपासलं.”

तो शब्द तोंडातून निघाला आणि तिला स्वतःलाच ऐकू आला. मावशी, जिला गप्प बसणं माहीत नव्हतं, ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बबडी पुढे घरी परतली. औषधं घेते, डॉक्टरीणबाईंकडे जाते, अलीकडे केसही धुते. पोहणं अजून सुरू नाही. काचबाई आता आरडाओरडा करत नाही. दुकानातून आली की दारातच चपला काढता काढता विचारते, कशी आहेस आज? आणि बबडी सांगते, बरी आहे. रोज तेच, त्याच आवाजात, मान वर न करता. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं नुसतं आईला वाटेला लावायला म्हटलेलं, हे अख्ख्या बाजाराच्या थापा पकडणाऱ्या बाईला ओळखता येत नाही. बाप रोज संध्याकाळी ‘कामात अडकलो’ म्हणायचा तोही असाच एका सुरात, हे मात्र तिला आठवतं.

परवा तिने धीर करून पुढचं विचारलं. “खरंच बरी आहेस ना गं?”

बबडीने पहिल्यांदाच मान वर केली आणि आईकडे नीट बघितलं.

“कुठली काच लावून विचारतेयस?” ती म्हणाली, आणि परत हातातलं पुस्तक वाचायला लागली.